भदाणे सरांनी कापलेल्या शेपट्या

जळगावात माणसाला "काय करता?" असं विचारलं, तर त्याचं उत्तर एका दमात देता यावं अशी रीत आहे. केळीचा व्यापार. सोन्याची पेढी. डाळमिल. चटईचा कारखाना. फार तर जिल्हा परिषदेत नोकरी. प्राध्यापक भूपेंद्र भदाणे यांची या एका बाबतीत पंचवीसेक वर्षं पंचाईत होत आली आहे. "इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो" एवढ्यावर थांबलं, तर समोरचा लगेच पुतण्याच्या ॲडमिशनचं काढतो. आणि खरं ते सांगितलं, की "माणसाचं बोलणं यंत्राला समजावं यावर संशोधन करतो," तर समोरचा फार मायेने विचारतो, "पण पगार वेळेवर होतो ना?"

त्यांच्या पत्नी दिपमालाताई सहकारी बँकेत आहेत, त्यामुळे त्यांना लांबलचक गोष्टी एका ओळीत बसवायची सवय आहे. त्या सांगतात, "आमचे हे मशीनला ऐकायला शिकवतात. घरात मला एक गोष्ट तीनदा सांगावी लागते, आणि पगार मात्र ऐकण्याचा घेतात."

भदाणे सर मूळचे साक्री तालुक्यातले, पिंपळनेरच्या पलीकडच्या एका लहान गावचे. वडील प्रेमराज एस.टी.त कंडक्टर. धुळ्याला इंजिनिअरिंग झालं, पुढच्या पदवीला पुण्याला गेले आणि तिथे 'ध्वनी' हा विषय घेतला. ही काही अंतःप्रेरणा वगैरे नव्हती. बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. पण लग्नानंतर प्रेम बसावं तसं त्यांचं त्या विषयावर बसलं. जळगावच्या कॉलेजात ते रुजू झाले तेव्हा 'मशीन लर्निंग' हे शब्द इतके अनोळखी होते, की वेळापत्रक करणाऱ्या गृहस्थांनी त्यांचा तास कर्मशाळेत, लेथ मशीनशेजारी लावला. सर तिथेही शिकवून आले. पोरांनी ॲप्रन घातले होते.

त्यांची पीएच.डी. शून्य ते नऊ या मराठी आकड्यांवर. यंत्रासमोर उभं राहून "पाच" म्हणायचं आणि यंत्राने पाच ओळखायचं. यंत्र सरांचा आवाज बरोबर ओळखायचं, फक्त सरांना सर्दी झाली की ओळख दाखवायचं नाही. पुढे जग बदललं. मशीन लर्निंगला एकदम बरे दिवस आले. विभागाच्या फोटोत ज्यांना मागच्या रांगेत टाचा उंचावून उभं राहावं लागायचं, ते भदाणे सर प्राचार्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. स्वभाव मात्र मागच्या रांगेतलाच राहिला.

मग तो प्रकल्प आला. दिल्लीच्या एका संशोधन संस्थेने देशभरातल्या बोलींसाठी योजना काढली, आणि सरांनी अहिराणीसाठी अर्ज केला. कल्पना साधी होती. शेतकऱ्याने एका नंबरावर फोन लावायचा, आपल्या बोलीत कांद्याचा भाव, पावसाचा अंदाज, औषधाचं प्रमाण विचारायचं आणि यंत्राने ते समजून उत्तर द्यायचं. बटणं दाबायची नाहीत, वाचायचं नाही, नुसतं बोलायचं. अर्ज मंजूर झाला त्या दिवशी सरांनी विभागात पेढे वाटले. लोकांनी विचारलं, "मुलगा झाला?" सर म्हणाले, "कान झाला."

यंत्राला बोली शिकवायची, म्हणजे आधी बोली गोळा करायची. माणसं बोलतात, ते ध्वनिमुद्रित करायचं, कोणता आवाज म्हणजे कोणता शब्द हे लिहून काढायचं आणि हजारो माणसांचं असं बोलणं यंत्राला पुन्हा पुन्हा ऐकवायचं. त्यासाठी तिघांचं एक पथक तयार झालं. सर, मेघा ही त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, जळगाव शहरातली, तिला अहिराणी समजायची ती लग्नकार्यात ऐकल्यापुरती; आणि प्रयोगशाळेचे सहायक नासीरभाई. नासीरभाई रोज नशिराबादहून मोटारसायकलवर यायचे, आणि माइकसाठी जागा शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

ध्वनिमुद्रणाची पद्धत सरांनी फार काटेकोर बसवली होती. घरातली सगळ्यात शांत खोली घ्यायची. पंखा बंद. फ्रिज बंद. कोंबड्या बाहेर, शेळ्या बाहेर, पोरं त्याहून बाहेर. मग बोलणाऱ्याला माइकसमोर बसवून सर म्हणायचे, "घाबरू नका. तुम्ही तुमच्या भाषेतच बोला. सांगा, कांद्याला पाणी कधी देता?"

माणूस घसा साफ करून सांगायचा, "आम्ही कांद्याला आठवड्यातून एकदा पाणी देतो, साहेब."

सर लिहायचे : उत्तम.

काम झालं की मुद्रण कॉलेजात यायचं आणि मेघा ते साफ करायची. सुरुवातीचं खाकरणं कापायचं, आणि शेवटची शेपटीही कापायची. शेपटी म्हणजे शेवटचं उत्तर संपल्यापासून नासीरभाई मुद्रणाचं बटण बंद करेपर्यंतचा भाग. नासीरभाईंना बटण बंद करायची घाई नसे. आधी वायर गुंडाळायची, मग पाणी प्यायचं, मग बटण. तेवढ्यात घरचे लोक आपसात बोलायला लागायचे, भांडी वाजायची, शेळ्या आत यायच्या. सरांच्या भाषेत हा सगळा कचरा. "शेपटी ठेवली की यंत्र बिघडतं," असं ते मेघाला बजावायचे, आणि मेघा शेपट्या न ऐकताच कापायची. मूळ मुद्रणं मात्र संस्थेच्या नियमाप्रमाणे जपून ठेवावी लागत, तशी ती एका डिस्कवर पडून होती.

दोन वर्षं अशी गेली. यंत्र शिकलं. चाचणी घेतली तेव्हा शंभरातले त्र्याण्णव शब्द त्याने बरोबर ओळखले. बोलीभाषांत एवढा आकडा कोणाचाच नव्हता. सरांनी निबंध लिहिला, एका मोठ्या परिषदेत तो पहिला आला, आणि चंदेरी रंगाची एक ढाल घरच्या शोकेसमध्ये दिपमालाताईंच्या बँकेच्या भेटवस्तूंशेजारी विराजमान झाली. प्राचार्यांनी फाटकावर फलक लावला. त्यावरचा सरांचा फोटो इतका मोठा होता, की सरांनी आठवडाभर मागच्या फाटकाने येणं-जाणं केलं.

मग फोनची लाइन पिंपळनेर भागातल्या शेतकऱ्यांसाठी प्रत्यक्ष सुरू झाली. फोन मुद्रित होतो, हे तो लागताच सांगितलं जाई. पहिल्या आठवड्याचे फोन मेघाने सरांना ऐकवले.

"आज पिंपळनेरले कांदा कितला गया रे भो?"

यंत्र म्हणालं, "माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा बोला."

"कांदा, कांदा. भाव सांग ना."

"माफ करा, मला समजलं नाही."

तिसऱ्या वेळी तो शेतकरी हिंदीत गेला. खानदेशात माणूस परक्याशी निरुपायाने बोलायला लागला की हिंदीत जातो. तेही यंत्राला समजलं नाही. "जाऊ दे, याले काहीच समजत नही," असा शेरा मारून फोन बंद झाला.

एक नाही, दोन नाही, बहुतेक फोन असेच. मेघाने हिशेब केला. फोनवर यंत्राला शंभरातले एकतीस शब्द कळत होते, आणि त्यांतलेही बरेचसे 'हॅलो' होते.

महिनाअखेरीला दिल्लीची समिती यायची होती. प्रकल्पाला पुढचं वर्ष द्यायचं की इथेच गुंडाळायचा, हे ती ठरवणार होती. गुंडाळला तर लाइन बंद, आणि मेघाचा अर्धा प्रबंध हवेत. तिने एका कंपनीची चांगली नोकरी या कामासाठी सोडली होती. हल्ली ती डबा अर्धा परत नेऊ लागली होती.

सर प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य माणूस व्यवहारी आणि सरांवर जीव असलेला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "भदाणे, समितीला तुम्ही चाचणी कशी दाखवणार?"

"नेहमीसारखी. पाच-सहा जणांना बोलवायचं, माइकसमोर बसवायचं."

"त्यात त्र्याण्णव येतात ना?"

"येतात."

"मग झालं तर. फोनचं पुढच्या वर्षी बघा. समिती काय पिंपळनेरला कांदा विकायला येणार आहे?"

यात खोटं असं काहीच नव्हतं, हीच तर अडचण होती. त्र्याण्णव खरोखरच येत होते. सर मान हलवून बाहेर आले. सरांची मान हलली की ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे दिपमालाताईंनाही लग्नाला इतकी वर्षं होऊन नीट कळत नाही. त्या दिवशी सरांनाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, विभागात सामसूम असताना, ते मूळ मुद्रणांची डिस्क काढून बसले. माइकमध्ये आणि फोनमध्ये फरक असेल, फोनच्या आवाजाची घरघर असेल, असा त्यांचा अंदाज होता. एक मुद्रण त्यांनी न कापता, सलग लावलं. पिंपळनेरजवळचे रुपचंदभाऊ होते. "आम्ही मक्याची पेरणी जूनमध्ये करतो, साहेब." मग सरांचा स्वतःचा आवाज : "छान. झालं आपलं काम." पावलांचा आवाज. वायर गुंडाळल्याचा आवाज. आणि मग तेच रुपचंदभाऊ, पण घशातली इस्त्री मोडल्यासारखे, कधीच्या कोंडलेल्या शेळ्यांची काळजी करत :

"व्हयनं वं. आते चहा टाक. आनि त्या बकऱ्या सोड, कवयन्या कोंडेल शेतस."

त्यावर त्यांच्या पत्नी सुनंदाबाई : "हाऊ मास्तर गया का? इतला उन्हामा कसाले फिरी राहयना बिचारा? याले घर काही काम नही शे का?"

"मास्तर चांगला शे. पन वाळी गया. बायको जेवाले देत नही व्हई."

सर खुर्चीत थोडे मागे टेकले. आपलं वजन हा खानदेशात चर्चेचा विषय आहे याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी दुसरं मुद्रण लावलं. तिसरं लावलं. प्रत्येकात तेच. माइकसमोर शाळेतल्या धड्यासारखी मराठी, आणि सर उंबऱ्याबाहेर पडले की अहिराणी, घरभर, भांड्यांसकट, शेळ्यांसकट. ज्या बोलीसाठी त्यांनी दोन वर्षं उन्हातान्हात पायपीट केली, ती प्रत्येक घरात ते निघाल्यावर लगेच यायची. आणि नासीरभाईंच्या संथपणामुळे जेवढी सापडली होती, तेवढी त्यांनी कचरा म्हणून कापली होती.

कारण कोड्यातलं नव्हतं. पाहुणा आला की चांगली खुर्ची काढतात, ठेवणीतले कप काढतात, तशी चांगली भाषाही काढतात. "तुमच्या भाषेत बोला," असं सर म्हणायचे खरं, पण म्हणायचे शुद्ध मराठीत. स्वतः पिंपळनेरकडचे असून. घरी आईशी फोनवर ते अहिराणीच बोलत, पण कामाला निघताना बूट चढवावेत तशी दुसरी भाषा चढवत, आणि हे पंचवीस वर्षांत त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या यंत्राला अहिराणी येत नव्हती. त्याला फक्त खानदेशचा पाहुणचार येत होता.

"मेघा," ते शेजारच्या खोलीत जाऊन म्हणाले, "शेपट्या परत काढ."

"किती सर?"

"बठ्ठ्या," 'सगळ्या' म्हणायच्या ऐवजी सर म्हणाले, आणि स्वतःच चमकले.

पण शेपट्या अशाच वापरता येणार नव्हत्या. लोकांनी परवानगी दिली होती ती माइकसमोरच्या उत्तरांची. बायकोशी बोललेल्याची नाही. म्हणजे प्रत्येक घरी पुन्हा जायचं, तुम्ही असं असं बोललात हे ऐकवायचं आणि ते ठेवू का म्हणून विचारायचं. आता या बोलण्यापैकी बरंच बोलणं खुद्द भदाणे सरांविषयी होतं. आपली निंदा घरोघर वाजवून दाखवायची आणि ती जपून ठेवायला परवानगी मागायची, असा दौरा कोणत्याही पुढाऱ्यानेसुद्धा काढला नसेल.

पहिलं घर रुपचंदभाऊंचं. पथक दारात दिसताच प्लास्टिकची खुर्ची आली, सुनंदाबाईंनी पदर सारखा केला आणि सवयीने शेळ्या बाहेर निघाल्या.

"राहू द्या शेळ्या," सर म्हणाले.

"नाही साहेब, आवाज होतो ना. आम्हाला माहीत आहे," रुपचंदभाऊ म्हणाले.

सरांनी लॅपटॉप काढला, पाणी प्यायलं, पुन्हा पाणी प्यायलं आणि बटण दाबलं. 'बायको जेवाले देत नही व्हई' हे वाक्य खोलीत स्वच्छ ऐकू आलं. सुनंदाबाई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. रुपचंदभाऊंनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग नासीरभाईंकडे. नासीरभाई छताची लाकडं मोजू लागले.

"साहेब," रुपचंदभाऊ ठेवणीतल्या मराठीत म्हणाले, "ते आम्ही दुसऱ्या मास्तरांविषयी बोलत होतो."

आता खरी परीक्षा होती. सर गाडीत येताना सबंध वाट हे वाक्य मनात घोळवत आले होते. पंचवीस वर्षं जे कामाच्या जागी कधी बोललो नाही ते बोलायचं म्हणजे ऑफिसात लुंगीवर येण्यासारखं.

"भाऊ, तुम्ही बराबर बोलनात," ते म्हणाले. "पन बायको जेवाले देस. मीच वाळेल शे."

मग रुपचंदभाऊ हळूच म्हणाले, "सर, तुमले आमनी बोली येस?"

"मनी बी तीच शे."

"मंग दोन साल आमले शुद्ध बोलाले कसाले लावं? इतला घाम तर माले बँकमा बी नही उना."

"मी कोठे लावं? तुम्हीच शुद्ध बोलनात."

"तुम्ही बोलनात म्हनीसन आम्ही बोलनूत."

दोघांनीही एवढा काळ एकमेकांचा मान राखला होता, आणि त्यात यंत्राचं शिक्षण राहून गेलं होतं. पहिल्यांदा हसल्या त्या भिंतीकडे वळलेल्या सुनंदाबाई. मग त्यांनी तिथूनच निकाल दिला, "ठेवा म्हना बठ्ठं. पन पहिले जेवा, मंगच मी सही करसू. याना मारे लोके माले बोल लावतीन."

हा पायंडा पडला. सर वाळलेले आहेत ही बातमी त्यांच्याच लॅपटॉपवरून त्यांच्या पुढे पुढे गावोगाव जात होती, आणि आधी भाकरी, मग सही, हा नियमच होऊन बसला. तिसऱ्या दिवशी नासीरभाई गाडीत पट्टा सैल करत म्हणाले, "सर, बदनामी तुमची आणि वजन माझं वाढतंय. हा इन्साफ नाही."

सगळेच हो म्हणाले असं नाही. शेजारच्या गावच्या झुलालआबांची शेपटी सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत सुरेख होती. नासीरभाईंनी त्या दिवशी दोन ग्लास पाणी प्यायलं असावं. मेघाच्या मते तेवढ्या एका शेपटीत यंत्राला पुरेल इतकी क्रियापदं होती. पण ती सगळी आबांनी सख्ख्या भावाविषयी खर्च केली होती. ऐकून आबा बराच वेळ मिशीवर हात फिरवत राहिले.

"भाऊ आते बोलस मनासंगे," ते म्हणाले. "मागला पोळापासून."

सरांनी त्यांच्यासमोरच ते मुद्रण पुसलं, आणि डिस्कवरचं कॉलेजात गेल्यावर पुसतो म्हणाले, तेही पुसलं. परतताना मेघा खिडकीबाहेर बघत बसली होती. "सर, एवढी चांगली होती," ती शेवटी म्हणाली.

"म्हणून तर विचारायला गेलो होतो," सर म्हणाले. "वाईट असती तर कोण विचारायला जातं?"

उरलेल्या शेपट्या घेऊन मेघाने यंत्राला पुन्हा शिकायला बसवलं. हाताशी माल फार थोडा होता. त्यात निम्मी वाक्यं चहा टाकण्याची, शेळ्या सोडण्याची आणि सरांच्या तब्येतीची. तरी समिती यायच्या आदल्या दिवशी फोनवरच्या बोलण्यातले शंभरात सत्तावन्न शब्द यंत्राला कळायला लागले होते. एकतीसाचे सत्तावन्न म्हणजे चांगलंच, पण कागदावर तो आकडा त्र्याण्णवच्या खाली लिहावा लागणार होता.

सकाळी निघताना दिपमालाताई म्हणाल्या, "मग आज कोणता आकडा दाखवणार?"

"दोन्ही दाखवतो."

"पहिला चुकीचा म्हणून सांगणार?"

"चुकीचा नाही. तो आपल्याला वाटलं त्याचा नाही, दुसऱ्याच कशाचा आहे, असं सांगतो."

"आमच्या बँकेत याला चुकीचाच म्हणतात," दिपमालाताई म्हणाल्या आणि सरांच्या डब्यात एक पोळी जास्त ठेवली. साक्री तालुक्यात आपलं नाव कसं झालं आहे ते त्यांच्या कानावर आलं होतं.

समितीत चौघे होते. अध्यक्ष दक्षिणेकडचे, पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे. सरांनी आधी त्र्याण्णवचा तक्ता दाखवला, मग तो कसा आला ते सांगितलं, मग फोन ऐकवले, आणि शेवटी सत्तावन्न. मागे बसलेल्या प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले होते.

अध्यक्षांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. "प्रोफेसर, प्रकल्पात आकडा वर जातो. तुमचा खाली आलाय. तुम्ही आम्हाला प्रगती दाखवताय ना?"

"हो," सर म्हणाले. "आधी आम्ही चुकीच्या डोंगरावर चढत होतो. तिथून उतरलो, आता बरोबरच्या डोंगराच्या पायथ्याच्या जरा वर आहोत."

"लोक तुमच्याशी बोलीत बोलले नाहीत, हे तुम्हाला दोन वर्षं कळलं नाही? तुमची स्वतःची भाषा असून?"

याला सरांकडे तक्ता नव्हता. ते म्हणाले, "मीही त्यांच्याशी बोललो नव्हतो."

समितीतल्या एक बाई इतका वेळ नुसत्या लिहीत होत्या. त्यांनी एखादी शेपटी ऐकायला मागितली. परवानगीच्या कागदाप्रमाणे ऐकवता येण्यासारखी, घाईत हाताशी लागली ती मेघाने लावली, आणि ती नेमकी रुपचंदभाऊंची निघाली. समितीला ओ की ठो कळलं नाही. बाई म्हणाल्या, "याचा अर्थ?" मग भदाणे सरांनी उभं राहून, एखादं सूत्र समजावून सांगावं इतक्या गंभीरपणे, इंग्रजीत भाषांतर केलं : हा शिक्षक उन्हात का हिंडतो, याला घरी काही काम नाही का, हा वाळला आहे, बहुधा याची पत्नी याला जेवायला देत नसावी.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. पुसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

निर्णय त्याच दुपारी कळला. एक वर्ष वाढवून दिलं होतं, पण दोन अटींवर. नवीन मुद्रणं सगळी नव्या पद्धतीने, घरच्या माणसांनी घरच्या माणसांशी बोलताना, आधी सांगून करायची. आणि त्र्याण्णवचा निबंध जाहीरपणे मागे घ्यायचा. पहिली अट ऐकून नासीरभाई खूश झाले, कारण शेळ्या हाकलायचं काम संपलं. दुसरी अट सरांनी संध्याकाळी घरी बसून पुरी केली. चार ओळींचं पत्र होतं, पण त्यांनी ते बऱ्याचदा वाचलं. पाठवून झाल्यावर दिपमालाताईंनी विचारलं, "ढाल परत द्यावी लागते का?"

"ती कोणी परत घेत नाही."

"मग राहू दे. मागे वायफायचा डबा टेकवायला बरी आहे."

फाटकावरचा फलक प्राचार्यांनी उतरवला, पण टाकून दिला नाही. वर्षभर थांबू म्हणाले. हीदेखील मान हलवण्यासारखीच गोष्ट होती, आणि सरांनी ती चांगल्या अर्थाने घेतली.

आता मुद्रणं अंगणात होतात. सर जमिनीवर बसतात, पंखा चालू असतो. त्यांच्या अहिराणीला इतक्या वर्षांच्या जळगावचा वास लागला आहे, आणि त्यावरून लोक त्यांना तोंडावर हसतात. जामनेर तालुक्यातल्या पहूरचे एक सहकारी रोज आठवण करून देतात, की त्यांच्या भागातली बोली वेगळीच आहे, तिचा नंबर कधी? सर म्हणतात, आधी एकीला न्याय देऊ द्या. यंत्र सत्तरीच्या आसपास आलं आहे. मेघाचा डबा रिकामा जातो.

परवाच तिने सरांना एक फोन ऐकवला. पिंपळनेरकडच्याच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कांद्याचा भाव विचारला, अस्सल घरच्या बोलीत. यंत्राला पहिल्याच वेळी समजलं, त्याने भाव सांगितला. म्हातारा फोन ठेवेना. तो अगदी सहज म्हणाला, "तू कोठला शे रे भाऊ?"

यंत्र गप्प. म्हातारा वाट पाहत राहिला, मग फोन बंद झाला.

"सर, हा प्रश्न आता वरचेवर येतोय," मेघा म्हणाली. "याला काय उत्तर शिकवू? जळगाव सांगू?"

सरांनी तो फोन पुन्हा एकदा ऐकला. "गप्पच राहू दे," ते म्हणाले. "गाव सांगितलं की पुढचा प्रश्न 'कोना आंडोर?', म्हणजे कोणाचा मुलगा, असा येईल. त्याचा बाप कोण ते आपण कुठून सांगणार?"

मेघाने यंत्राकडे पाहिलं, मग सरांकडे. आणि सरांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, तेव्हा सर घाईघाईने पुढचा फोन लावायला सांगू लागले.